काकाचा नवा तारपा : कामाच्या नोंदी

३० नोव्हेंबर २०२४, शनिवार. कार्तिक अमावास्या

काकाच्या नव्या तारप्यासाठी आज बांबू तोडला. तारपा म्हणजे दुधी, बांबूच्या नळ्या आणि ताडपानांचा कर्णा जोडून केलेलं, फुंकून वाजवायचं आमचं वाद्य. ओढ्याच्या वरच्या अंगाला बेट आहे, त्यातल्या आज्याने दाखवलेल्या काठ्या घेतल्या. अंगठ्याएवढ्या जाड, पेर लांब, भिंत पातळ. कोवळ्या काठीवर पांढरी भुकटी असते. अशी काठी वाळताना आक्रसते आणि चिरते, म्हणून ती सोडायची. दोन-तीन पावसाळे काढलेल्या काठीचा हिरवा रंग मळतो, कोयत्याच्या पाठीने टकटक केलं तर आवाज कोरडा येतो. आज्याची नजर आता अधू आहे. तो रंग बघत नाही, आवाजावरच काठी निवडतो.

तोडायची वेळ ठरलेली. पाऊस संपल्यावर, अंधाऱ्या पक्षात. "रस खाली उतरलेला असतो," असं आजा सांगतो. पावसाचं कारण सरळ आहे. बांबूला भुंगा लागतो तो आतल्या पिठूळ सत्त्वासाठी, आणि पावसाळ्यात नवे कोंब वर काढण्यात बेटाचा तो साठा बराच खर्ची पडलेला असतो. मोळी बांधून ओढ्यात दगडाखाली दाबून ठेवली. राहिलेलं सत्त्व वाहत्या पाण्यात धुऊन निघेल.

ही वही कशासाठी, तेही लिहून ठेवतो. काकाच्या तारप्याच्या दुधीला देठापाशी चीर गेली आहे. मेण भरून त्याने हंगाम काढला, पण पुढचं भात येईल तेव्हा नवा हवाच. मी बोईसरला कामाला आहे, सुट्टीला पाड्यावर येतो. या वेळी प्रत्येक काम डोळ्यांसमोर करून घ्यायचं आणि लिहायचं असं ठरवलं. आमच्या घरात किती पिढ्या तारपा वाजतो आहे ते आज्यालाही मोजता येत नाही, पण जुना तारपा म्हणून दाखवायला घरात एकही नाही. पणज्याचा नाही, आज्याच्या तरुणपणातलाही नाही. दुधी तडकतो, बांबू पोखरतो, मेण उन्हात वाहतं, ताडाचं पान झडतं. दर थोड्या वर्षांनी सगळा तारपा नव्याने करावा लागतो. म्हणून रीत लिहिणं मला महत्त्वाचं वाटतं. वस्तू ठेवून भागत नाही.

१४ डिसेंबर २०२४, शनिवार

दुधी उतरवले. वेल पूर्ण सुकला होता आणि देठ तपकिरी, लाकडासारखे झाले होते. आजी त्याआधी हात लावू देत नाही. देठ हिरवा असताना काढलेला दुधी आतून कुजतो आणि त्याची भिंत मऊ राहते.

हा दुधी कडू जातीचा, खायचा नाही. त्याचा कडूपणा विषारी आहे. कडू लागलेल्या दुधीचा रस पिऊन माणसं दगावल्याच्या बातम्या आपण वाचतो, तेच द्रव्य याच्यात भरपूर असतं. वेल मांडवावर चढवायचा आणि फळ खाली लोंबू द्यायचं, म्हणजे मान सरळ वाढते. जमिनीवर पडलेलं फळ वाकडं होतं. आजी एका वेलावर मोजकीच फळं ठेवते, बाकीची कोवळी असतानाच खुडते.

पाच मिळाले. दोघांची मान आखूड आहे, ते बियांसाठी ठेवू असं मी म्हणालो. आजीने लगेच थांबवलं. बी धरायचं ते सगळ्यात चांगल्या दुधीचं, जो तारप्याला जाणार त्याच्याच पोटातलं. आखूड मानेच्यांची पाणी काढायची डवली होतील. सगळे तिच्या घरात चुलीवरच्या माळ्याला टांगले.

२६ जानेवारी २०२५, रविवार

बांबू ओढ्यातून काढून आधी सावलीत निथळवला होता, आज माळ्यावर दुधींच्या शेजारी गेला. माळ्याला चुलीचा धूर लागतो. धुराने कीड येत नाही आणि वाळणं सावकाश, सगळ्या बाजूंनी सारखं होतं. दुधींवर काळी-पांढरी बुरशी आली आहे. ती वरच्या सालीची आहे, सालीबरोबर निघेल. एक दुधी हलवला तर आत बिया खुळखुळल्या. अजून बराच ओला आहे, आवाज जड आहे.

११ मे २०२५, रविवार

दुपारी काकाचा जुना तारपा खोलला. तारपा खोलण्याची ही योग्य वेळ. उन्हाने मेण आपोआप सैल होतं, जोर लावावा लागत नाही. मेण साठ-बासष्ट अंशांच्या पुढे वितळतं, पण त्याच्या बऱ्याच आधी मऊ पडतं, आणि पत्र्याच्या घरात मे महिन्यात टांगलेला तारपा एका दुपारीत सांध्यात सुटू शकतो. आमच्याकडे म्हणूनच तो नेहमी कुडाच्या खोलीत, उत्तरेच्या भिंतीला असतो.

खोलल्यावर आतलं दिसलं ते लिहितो, कारण बाहेरून बघणाऱ्याला कळत नाही. वर दुधी. त्याच्या अंगाला फुंकायचं भोक. दुधीच्या दुसऱ्या टोकातून बांबूच्या दोन नळ्या आत शिरतात, आणि प्रत्येक नळीच्या आतल्या टोकाला एकेक जिभळी, म्हणजे थरथरून सूर देणारी बारीक काडी, बसवलेली असते. नळ्यांची बाहेरची टोकं एकत्र होऊन ताडपानांच्या कर्ण्यात जातात. वाजवणाऱ्याचे ओठ जिभळीला कधीच लागत नाहीत. तो दुधीत हवा भरतो, दुधी हवेची कोठी होतो, आणि तिथल्या दाबाने जिभळ्या आपल्या आपण थरथरतात. जिभळी ओठात नसल्याने सूर जिभेने तोडता येत नाही. तारप्याची चाल अखंड वाहते ती यामुळे. सुरांमधला फरक, ठेका, सगळं बोटांनी करायचं.

जुनं मेण खरवडून गोळा केलं, ते नव्यात मिसळायचं. काळं पडलेलं, धुरकट वासाचं मेण नव्या पिवळ्या मेणापेक्षा चिकट असतं. आजा आग्या आणि सातेरी या दोन जातींच्या मधमाश्यांचं मेण वेगवेगळं ठेवतो. नळी आणि दुधी यांचा सांधा आग्याच्या मेणाने, जिभळीचं बारीक काम सातेरीच्या. पोळं आता पूर्वीसारखं सहज दिसत नाही, म्हणून जुना थेंबही वाया घालवायचा नाही.

१५ जून २०२५, रविवार

पाऊस लागला. आजीने दुधीचं बी लावलं. हे बी गेल्या वर्षीच्या दुधीचं, आणि यंदाच्या तारप्याशी त्याचा संबंध नाही. पण तारप्याचं काम लिहायचं तर इथूनच लिहावं लागेल. तारपा वाजतो एका भाताला, आणि त्याच्या पुढच्या तारप्याचं बी तेव्हाच मातीत असतं.

आजी हे बी घराजवळच्या परसात लावत नाही. तिथे खायचा दुधी आहे. कडू वेल ओढ्यापलीकडे, मोहाच्या झाडांच्या मागे. मी कारण विचारलं तर म्हणाली, "जवळ लावले तर दोघं बिघडतात." हे शब्दशः खरं आहे. दोन्ही एकाच जातीचे. फुलं पांढरी, संध्याकाळी उमलतात, रात्रीचे पतंग एका वेलावरून दुसऱ्यावर जातात. परागाची सरमिसळ झाली तरी त्या वर्षीच्या फळात काही दिसत नाही, फरक पडतो तो बियांत. पुढच्या वर्षी खायच्या वेलाला कडू फळ लागू शकतं, आणि तारप्याच्या वेलाची लांब मान गोल पोटात हरवून जाते. आमच्या दुधीचा हा घाट कुठल्याही बियाणाच्या दुकानात मिळत नाही. तो आजीने, तिच्या सासूने, तिच्याही सासूने असा दूर लावून लावून राखला आहे.

तारप्याची गोष्ट सांगताना लोक वाजवणाऱ्याचं नाव घेतात, करणाऱ्याचं क्वचित, आणि बी राखणारीचं कधीच नाही. आमच्या घरात वाजवतात पुरुष. पण दुधी नसेल तर वाजवायला काय आहे? या वहीत आजीचं काम पहिल्या पानापासून राहील.

या वर्षी एक जास्तीची गोष्ट केली. एका वेलाच्या दोन मादी कळ्या उमलायच्या आधी कापडाने बांधायच्या आणि त्याच वेलाच्या नर फुलाने हाताने फळवायच्या, असं आजीला सुचवलं. म्हणजे बी निखालस शुद्ध राहील. तिने मान्य केलं, पण दूर लावणं सोडणार नाही म्हणाली. सोडूही नये.

२७ जुलै २०२५, रविवार

आज काम कमी, बोलणं जास्त झालं. काकाचं नवं घर स्लॅबचं आहे आणि तिथे गॅस आला. आजीच्या घरातही सिलिंडर आहे, पण तारप्याचे दुधी टांगलेले आहेत म्हणून ती रोज थोडा वेळ चूल पेटवतेच. पावसाळ्यात ओली लाकडं, धूर खोलीभर. तिला खोकला आहे, डोळे सतत पाणावतात.

मला हे चालणार नाही, असं मी स्पष्ट बोललो. तारप्यासाठी आजीच्या छातीत धूर भरायचा नाही. पण धूर तारप्याला लागतो, हेही तितकंच खरं. वाऱ्यावर नुसते वाळवलेले दुधी आमच्याकडे पावसाळ्यात पुन्हा ओल धरतात आणि आतून मऊ होतात. पाड्यात गॅस आणि स्लॅब वाढत जाईल तसा हा प्रश्न सगळ्याच तारपेकऱ्यांना येणार.

ठरलं ते असं. घरामागे कारवीचं छोटं खोपट बांधायचं. माणूस वाकून आत जाईल एवढंच. खाली दगडी चूल, वर छातीएवढ्या उंचीला आणि त्याच्याही वर असे दोन माळे, छपराला धूर बाहेर पडायला फट. आठवड्यातून काही वेळा पेटवायचं, बाकी वेळ बंद. आज्याला पहिल्यांदा पटलं नाही. त्याचं म्हणणं, घरच्या चुलीवर रोज स्वयंपाक होतो म्हणून धूर रोज आणि मंद लागतो, मुद्दाम पेटवलेली धुरी एकदम जास्त होते. मुद्दा बरोबर आहे. म्हणून खालचा माळा रिकामा ठेवून दुधी फक्त वरच्यावर टांगायचे ठरले. कारवी पावसाळ्यानंतर तोडू.

१७ ऑगस्ट २०२५, रविवार

दुधी निवडला. लांब मानेच्या दुधींना टकटक करून आज्याने एक उचलला आणि कुणाशी चर्चा न करता मांडीवर घेतला. बाहेरची साल ओल्या फडक्याने भिजवून बोथट सुरीने खरवडली, खालून गव्हाळ रंगाची टणक कवटी निघाली. मानेचं टोक कापलं. भिंत चार-पाच मिलिमीटर, सगळीकडे जवळपास सारखी. पातळ भिंतीचा दुधी हलका असतो पण नळ्यांच्या सांध्यापाशी टिकत नाही.

आतलं स्वच्छ करणं कंटाळवाणं आणि महत्त्वाचं. बिया आणि सुकलेली जाळी काढायची, मग बारीक खडे आणि पाणी घालून दुधी दोन्ही हातांनी हलवत राहायचं. जाळीचा एक धागा जरी आत सुटला तरी तो हवेबरोबर उडून जिभळीत अडकतो आणि नाच ऐन रंगात असताना सूर बंद पडतो. पाणी स्वच्छ येईपर्यंत माझी बहीण आणि मी आळीपाळीने हलवत होतो. बिया आजीने राखेत घोळून मडक्यात ठेवल्या.

फुंकायचं भोक तापवलेल्या सळईने पाडलं. जागा काकाच्या तोंडावर ठरली. त्याने तारपा धरतो तसा दुधी धरला, मान जराही न वाकवता ओठ जिथे टेकले तिथे कोळशाची खूण. रात्रभर उभं राहून वाजवायचं असतं. इथे दोन बोटं चुकलं तर मान आणि पाठ दोन्ही जातात.

२४ ऑगस्ट २०२५, रविवार

नळ्या. माळ्यावरच्या काठ्यांतून जोडी निवडली. पेरांच्या आतले पडदे तापल्या सळईने फोडून, सळईला वाळू चिकटवलेलं कापड गुंडाळून आतून घासलं.

भोकांच्या जागेसाठी आज्याकडे माप नाही. काकाने नळ्या हातात घेतल्या, डोळे मिटून बोटं टेकवली, आणि जिथे बोटं आपसूक पडली तिथे खुणा झाल्या. मग आजा त्या खुणा किंचित वर-खाली करतो, ते मात्र कानाने. मी फूटपट्टीने सगळं मोजून वहीत काढलं, आणि शेजारी काकाच्या बोटांची रुंदी व पंजाचा पसाही लिहिला. नुसती सेंटिमीटरची मापं दुसऱ्या कुणाला दिली तर ती निरुपयोगी आहेत. ती काकाच्या हाताची मापं आहेत.

हिशेब करून बघितला तो इथे लिहितो. नळी जिभळीच्या बाजूने बंद धरायची, म्हणजे आवाजाची लाट नळीच्या लांबीच्या चौपट. जिभळीपासून ४० सेंमीवरचं भोक मोकळं केलं तर हवेतला ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर धरून २१४ हर्ट्झच्या आसपास सूर यायला हवा. प्रत्यक्षात तो खाली येणार, कारण भोक बारीक आहे आणि जिभळी स्वतःही नळीची लांबी वाढवल्यासारखी वागते. आज्याने हिशेब ऐकून घेतला. म्हणाला, "आधी भोक बारीक पाड. मोठं करता येतं." फूटपट्टीवाल्यालाही हाच सल्ला पुरतो.

३१ ऑगस्ट २०२५, रविवार

जिभळ्या. तारप्याचं बाकी सगळं काम चांगल्या हाताच्या कुणालाही शिकता येईल. जिभळी मात्र आज्याच्या बोटांत आहे, म्हणून ही नोंद लांब होणार.

पेन्सिलीपेक्षा बारीक काडी घ्यायची, एका बाजूला पेराची गाठ राहील अशी. गाठीमुळे ते टोक बंद राहतं. काडीच्या अंगावर धारदार सुरीने आडवा छेद द्यायचा आणि तिथून काडीच्या लांबीने पातळ पापुद्रा उकलायचा, पण तोडायचा नाही. एक टोक मोकळं, दुसरं काडीलाच जोडलेलं. ही जीभ. हवा आत शिरताना जीभ फटीवर आपटते, उघडते, पुन्हा आपटते, आणि तोच सूर.

जीभ फटीवर घट्ट बसली तर हवा आतच जात नाही. फार उचलली तर नुसता फुसफुस आवाज येतो. म्हणून तिच्या मुळाशी खाली एक केस सरकवतात. आज्याने आजीचा पांढरा केस मागितला. काळा आणि पांढरा यात फरक काही नाही, पण काम सुरू केल्यापासून तो तिचाच केस वापरतो. मग मुळाशी सुताचे वेढे.

सूर बदलायचे चार उपाय त्याने करून दाखवले. टोक खरवडलं की टोक हलकं होतं, सूर चढतो. मूळ खरवडलं की जीभ लवचीक होते, सूर उतरतो. सुताचा वेढा टोकाकडे सरकवला तर हलणारा भाग आखूड होऊन सूर चढतो. टोकावर मेणाचा कण ठेवला तर सूर उतरतो. खरवडणं परत भरून येत नाही, मेण आणि सूत मात्र मागे घेता येतं, म्हणून सुरीच्या आधी नेहमी सूत आणि मेण.

आमच्या पाड्यात नवं भात येईपर्यंत तारपा वाजवत नाहीत. जिभळ्या तोंडात धरून वाजवून बघायला मात्र हरकत नसते, त्यामुळे आज अंगणात दिवसभर चिरका आवाज आणि भोवती पोरं. काही जिभळ्या सुरीखाली गेल्या, काही ठेवल्या.

७ सप्टेंबर २०२५, रविवार

जोडी जुळवली. फोनवर सूर मोजायचं साधन आहे, ते लावून बसलो. दोन जिभळ्या मी साधनावर अगदी एकसारख्या करून दिल्या. काकाने तोंडात धरून वाजवल्या आणि मान हलवली. "दोघी एकच बोलतात. हलत नाही आवाज."

मग आज्याने एकीच्या टोकावर मेणाचा कण ठेवला. आता दोन सुरांत तीन-चार हर्ट्झचं अंतर पडलं. दोन जवळचे सूर एकत्र वाजले की त्यांच्यातल्या अंतराएवढे हेलकावे सेकंदाला ऐकू येतात, आणि तारप्याचा दूरवर जाणारा तो थरथरता, भरलेला आवाज याच हेलकाव्यातून होतो. काका हसला. साधनाचा उपयोग मी आता उलटा करतो आहे : जोडी जुळली का ते काकाला विचारायचं, आणि जुळलेल्या जोडीत किती अंतर आहे ते फोनला.

वाजताना श्वासाच्या ओलीने जीभ फुगते आणि सूर हलतो. म्हणून कोरड्या जिभळीवर शेवटचा हात मारायचा नाही. थोडा वेळ फुंकून ओली होऊ द्यायची आणि मग कान लावायचा.

१४ सप्टेंबर २०२५, रविवार

कर्णा. ताडाची पानं काल चुलतभावाने उतरवली. पान पूर्ण सुकलेलं नको, पूर्ण ओलं नको. मधली शीर काढून लांब पट्ट्या केल्या. नळ्यांच्या टोकापासून सुरुवात करून पट्टी तिरकी गुंडाळत जायची, प्रत्येक वेढा आधीच्यावर अर्धा चढवायचा आणि जराजरासा बाहेर ओढायचा, म्हणजे तोंड रुंद होत जातं. वेढे सरकू नयेत म्हणून बांबूच्या बारीक काड्या टोचल्या. पान सुकताना आणखी आवळतं.

पूर्ण तारपा आता साडेचार फुटांच्या आसपास आहे. याहून कितीतरी लांब तारपेही असतात. लांबीने आवाजाला खोली येते, पण कर्णा जड झाला की वाजवणाऱ्याच्या मनगटावर भार येतो. आमच्या घरात मध्यमच पसंत आहे. टोकाला मोरपिसं बहिणीने बांधली.

२१ सप्टेंबर २०२५, रविवार. सर्वपित्री अमावास्या

हळवं, म्हणजे लवकर पिकणारं भात आलं, घरात नवं झालं. कणसरीला, आमच्या धान्याच्या देवीला, दाखवून मग काकाने तारपा उचलला. आधी दुधीत नुसती ऊब भरली, मग दाब वाढवला, आणि दोन्ही जिभळ्या एकदम बोलल्या. एका सांध्यातून हवा सुटत होती, आज्याने बोटाने मेण दाबलं.

काकाचा श्वास पाहून लिहितो. गालात हवा साठते, गाल ती दुधीत ढकलत असतात तेवढ्यात नाकाने नवी आत जाते. सूर तुटत नाही. पुतण्या हे शिकतो आहे. पपईच्या पानाचा पोकळ देठ पाण्याच्या पेल्यात बुडवून फुंकायचा आणि बुडबुडे थांबू द्यायचे नाहीत. काकाही असंच शिकला, आजाही.

१७ ऑक्टोबर २०२५, शुक्रवार. वाघबारस

सुट्टी टाकून आलो. वाघोबाच्या ठिकाणी शेंदूर, नारळ झाला, आणि अंधार पडल्यावर तारपा.

काका मध्ये. त्याच्याभोवती बाया-माणसं एकमेकांच्या कमरेला हात घालून, पुढचा घुंगुरकाठी घेऊन. तारप्याला पाठ दाखवायची नाही, त्यामुळे काका सरकतो तशी सगळी साखळी वळते, आत गुंडाळत जाते, पुन्हा उलगडते. हे वळण जगाने वारली चित्रांत पाहिलं आहे. गंजाडच्या जिव्या सोमा म्हसे यांच्या चित्रांनी ते देशोदेशी नेलं, २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. चित्रात एक गोष्ट बरोबर पकडलेली असते : तारपेकरी मध्ये असतो आणि सगळं त्याच्याकडे बघून चालतं. पण चित्रात ऐकू येत नाही ते असं की पावलं बदलायची आज्ञा कोणी तोंडाने देत नाही. काका चाळा, म्हणजे वाजवायची चाल, बदलतो आणि पायांना कळतं. देवांचा चाळा, बायांचा चाळा, टाळ्यांचा चाळा. नवरीचा चाळा सुरू झाला तेव्हा आजी खाटेवरून उठून साखळीत शिरली.

हल्ली शहरातल्या कार्यक्रमांना तारपा पथकं बोलावतात. त्याने चार पैसे मिळतात, पोरांना जगाची ओळख होते, ते चांगलंच आहे. पण मंचावर दहा मिनिटं मिळतात आणि नाचणारे एका रांगेत प्रेक्षकांकडे तोंड करून उभे राहतात. तिथे तारप्याला पाठ होते. आमच्या पथकाने वर्तुळ सोडू नये, मंच लहान असेल तर माणसं कमी करावीत, असं मी काकाला सांगितलं. त्याचंही तेच मत आहे.

कामाचं : पहाटे दव पडल्यावर कर्ण्याचा आवाज बसला, जिभळी मात्र शेवटपर्यंत टिकली. नवीन सांध्यांवर एकही भेग नाही.

२६ जानेवारी २०२६, सोमवार

जव्हार तालुक्यातल्या वाळवंड्याच्या भिकल्या लाडक्या धिंडा यांना पद्मश्री जाहीर झाली. नव्वदी ओलांडलेले तारपावादक. काल संध्याकाळी बातमी आली आणि रात्रभर फोन वाजत होते. काकाने सकाळी तारपा भिंतीवरून काढून पुसला आणि परत टांगला. हंगाम नाही, वाजवला नाही. आज्याने फोनवरचा त्यांचा फोटो डोळ्यांजवळ धरून बराच वेळ बघितला आणि विचारलं, "दुधी कुठला लावतात ते?"

मला या सन्मानाचा मनापासून आनंद आहे. पद्मश्रीच्या यादीत वारली चित्र आधीच होतं. आता तारपा वाजवणारा माणूस त्याच्या नावाने आला. तालुक्याच्या शाळांत तारपा शिकवायचा विचार यातून पुढे सरकला तर एक मागणी आम्ही लावून धरू. तयार तारपे विकत घेऊन वाटू नका. प्रत्येक शाळेच्या कुंपणाला कडू दुधीचा वेल लावा, खायच्या दुधीपासून दूर, आणि मुलांना पहिल्या वर्षी जिभळी करायला बसवा.

८ फेब्रुवारी २०२६, रविवार

खोपट उभं आहे. कारवीचा कूड, शेणामातीचा लेप, छपराला फट. वरच्या माळ्यावर यंदाचे दुधी, त्यातले दोन कापड बांधून फळवलेले. त्यांच्या देठाला लाल दोरा आहे. आजीची चूल बंद झाली. खोपटातली धुरी कितीदा आणि कुठल्या लाकडाने द्यायची त्याचा तक्ता दाराच्या आत खडूने लिहिला. आज्याने ऐन आणि खैर सांगितला, कडुनिंबाचा पाला अधूनमधून.

उरलेली कामं अशी. जिभळ्यांची दुसरी जोडी पूर्ण करून काकाच्या पिशवीत ठेवायची, नाचाच्या मध्यात एक बिघडली तर हाताशी असावी. काकाचे सगळे चाळे आवाजासकट साठवायचे, पण ते भात आल्यावर, वाजवायच्या दिवसांतच. ताडाची झाडं बांधावर कमी झाली आहेत, पानासाठी चुलतभावाला यंदा दोन शेतं पलीकडे जावं लागलं; पावसाच्या तोंडाला पिकलेल्या ताडफळांच्या बिया रुजवायला टाकायच्या आहेत.

पुतण्याचा स्वतःचा तारपा यंदाच्या दुधीतून करायचा आहे. त्याच्या बोटांची मापं आजच घेऊन ठेवू असं मी म्हणालो. आज्याने फूटपट्टी बाजूला सारली. पोर वाढतंय, भाद्रपदात घे.